गोरेथची टेकडी

मी बुरुंडीची टोपली बोलतेय. जानेवारीतली साधीच दुपार होती. प्रभाताई तिळगुळाचे लाडू वळत होत्या आणि मी झाकण काढून ओट्यावर तयार बसले होते. तेवढ्यात फोन वाजला.

माझा देश तुम्हाला माहीत नसेल. आफ्रिकेच्या मध्यात, टांगानिका सरोवराच्या काठी. समुद्र नाही. प्रभाताईंच्या यजमानांनी, चारुदत्तरावांनी, नकाशावर अंगठा ठेवला तर सगळा देश खाली झाकला गेला. नुसत्या टेकड्या, उतारांवर केळी, कॉफी, घेवडा. अशाच एका टेकडीवर एका आईनं मला गवत आणि घायपाताच्या दोऱ्यानं विणलं. माझं झाकण टेकडीसारखं वर निमुळतं होत जातं. लेक गोरेथ परदेशी निघाली तेव्हा आई तिला म्हणाली, "आपली टेकडी बरोबर ने."

गोरेथ आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या एका वृद्धाश्रमात काम करायची. प्रभाताई शेजारी राहायला आल्या तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं, "तुम्ही कुठल्या टेकडीच्या? आमच्याकडे असंच विचारतात."

"पर्वतीच्या," प्रभाताई म्हणाल्या. दोघी हसल्या.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. गोरेथनं मला घेवड्याच्या दाण्यांनी भरून प्रभाताईंच्या दारात ठेवलं आणि फाटकातूनच ओरडली, "दाणे खा, टोपली परत द्या! टोपलीशिवाय गेले तर आई घरात घेणार नाही."

दाणे संपले. पण भरून आलेलं भांडं रिकामं कसं परत करायचं?

"चार संत्री टाक आणि दे," चारुदत्तराव म्हणाले. "ती इथल्यासारखं 'ग्रँड', म्हणजे छान, म्हणेल."

"दुकानातली संत्री? पुण्याहून भाजणी येऊ दे. चकल्या करून देते."

पार्सल कुठेतरी अडकलं. मी कपाटावर, म्हणजे इथल्या भाषेत 'प्रेस'वर, धूळ खात राहिले. "चकल्या पुढच्या साथीला का?" चारुदत्तराव चिडवत. गोरेथ कामावर जाताना खिडकीतून हात करी. "माझी टेकडी बरी आहे ना?"

नाताळनंतर तिचा मास्क दुहेरी झाला. मग हात हलायचा थांबला. तिच्या घरचे पडदे दिवसाही बंद राहू लागले. एकदा गल्लीत अँब्युलन्स आली. भोंगा न वाजवता उभी राहिली आणि गोरेथला घेऊन तशीच निघून गेली.

"आता भाजणीची वाट बघत नाही," प्रभाताई म्हणाल्या. "संक्रांतीला तिळगूळच देते. हॉस्पिटलातून येईलच ती."

त्या दुपारचा तो फोन चारुदत्तरावांनी घेतला. "कधी?" एवढंच विचारलं. मग त्यांनी स्वतःच गॅस बंद केला.

प्रभाताईंनी उरलेले लाडू वळले, माझ्यात भरले, झाकण लावलं. त्यानंतर ते कुणी उघडलेलं नाही.

आता २०२१ संपत आलंय. गोरेथच्या घरात दुसरी माणसं आली. प्रभाताई अधूनमधून नकाशा उघडतात, त्या अंगठ्याएवढ्या देशावर बोट फिरवतात. मला तिच्या आईकडे पाठवायचं त्यांच्या मनात आहे. पण एवढ्या टेकड्यांत कुठे? मला टेकडीचं नाव ठाऊक आहे, पण टोपलीला कोण विचारणार?

गोरेथ कुठल्या टेकडीची, हे तिला उलट विचारायचं राहून गेलं.