निळा सेहरा

"अल्लाने दिलेला रंग कमी पडला काय रे तुला?" असं फुलवाली कुलसुमबी शेजारच्या रूपेशला रोज सुनावायची. पण रत्नागिरीच्या बाजारात गिऱ्हाईक त्याच्याच निळ्या रंगवलेल्या शेवंतीवर तुटून पडायचं.

आज महरीन लग्नात मुलाच्या कपाळावर बांधायला त्याच्याकडून निळ्या फुलांचा सेहरा घ्यायला आली. देताना फुलवाल्याच्या सवयीने रूपेशचा हात बादलीत गेला आणि त्याने सेहऱ्यावर पाणी शिंपडलं. महरीनच्या पांढऱ्या ओढणीवर निळे ओघळ उतरले.

कुलसुमबी ताडकन उठली. तिने आपला मोगऱ्याचा सेहरा त्याच ओढणीवर धरला आणि त्यावर अख्खा तांब्या ओतला. खाली नुसतं पाणी पडलं.

"हा बांध गो पोराला," ती गरजली, "आणि येऊ दे त्याला खुशाल घाम!"