अकरा दिवस जळलेला दिवा

"तुमच्यातल्या एकालाही हे पटणार नाही," मिस्त्री म्हणाला, "आणि न पटलेलंच बरं. पटायलाही कवटीत काहीतरी असावं लागतं."

हे बोलताना उजव्या हाताची दोन बोटं त्याने गार पाण्याच्या पेल्यात बुडवून ठेवली होती. सकाळी साऱ्या कारखान्यादेखत तो स्टुलावरून उताणा पडला होता आणि बोटांत अजून मुंग्या होत्या. पण पडलो तरी नाक वर, हा त्याचा जुना बाणा.

कारखाना म्हणजे तीन खोल्या. तिथे जुने, काचेच्या नळ्यांचे अँप्लिफायर दुरुस्तीला येत. मालकीणबाईंचे गुडघे गेले होते, उद्यापासून त्या जिना चढणार नव्हत्या. चाचणीच्या खोलीची किल्ली आज कुणाच्या तरी हातात द्यायची होती. एक तर सत्तावीस वर्षं काढलेल्या मिस्त्रीच्या, नाही तर बाईंच्या डिप्लोमावाल्या जावयाच्या. जावयाला मिस्त्री 'कागदी' म्हणे. किल्ली कागदीकडे गेली, तर उद्यापासून खोलीत शिरायला त्याला विचारावं लागणार होतं. त्यापेक्षा मेलेलं परवडलं.

कारखान्याचा नियम एकच. अँप्लिफायर उघडला की आधी आतला, बटण बंद केल्यावरही वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर रिकामा करायचा. त्यासाठी कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यात, वीज हळूहळू जिरवणारा एक रेझिस्टर अडकवलेला असे. तो कपॅसिटरच्या दोन टोकांना लावून दहा आकडे मोजायचे, तेही पाच वेळा. कारण कपॅसिटर पाहुण्यासारखा असतो. उठतो झटकन, मग उंबऱ्यातच रेंगाळतो. पहिल्या दहा आकड्यांत चारशे व्होल्टचे दीडशेच्या आत येतात, पुढच्या दहांत पन्नास-पंचावन्न उरतात, आणि असं करत पाचव्या खेपेला कुठे तो निरुपद्रवी होतो. भरतानाही तीच तऱ्हा. आधी अधाशासारखा गिळतो, शेवटी एकेक शीत चिवडतो.

मिस्त्री एकदाच मोजायचा. "दीडशे उरले तर उरले," तो म्हणायचा, "माझा हात बघून पळतात." आज पळाले नाहीत.

"मिस्त्री, तुम्ही पाच वेळा मोजलं नाहीत," जावई म्हणाला.

"जावईबापू, भित्र्यांनी मोजावं. तुम्ही तर अंघोळीचं पाणीसुद्धा मीटर लावून बघत असाल." दोघं-तिघं हसले. त्यांच्या हसण्याचीही मिस्त्रीला किळस आली. आता हसणारे हेच सकाळी तोंडाला फडकी लावून खिदळत होते. "सकाळचा माल जातिवंत होता, म्हणून धरून बसला. जातिवंत कपॅसिटर सोडत नाही. ऐका. तुमच्या डिप्लोमाच्या जन्माआधीची गोष्ट. माझ्याकडे एक कपॅसिटर आला. केवढा? पाण्याच्या पिंपाएवढा! चार माणसांनी वर आणला, त्यातल्या दोघांच्या कमरा अजून धरलेल्या आहेत. भरायलाच तीन दिवस लागले. मीटरचा काटा थकून मध्येच आडवा झाला."

"काटा आडवा झाला?" मालकीणबाईंनी चष्मा वर केला.

"घोरत होता, बाई. मग मी त्याला रेझिस्टर जोडला, पुढे दिवा जोडला. मुख्य बटण बंद, भिंतीतली तार कापलेली. आणि दिवा लागला!"

कोपऱ्यात वहिनी ट्रान्सफॉर्मरला तार गुंडाळत होती. मिस्त्रीच्या थोरल्या भावाची ही बायको वीस वर्षं त्या कोपऱ्यात वेढे मोजत आली होती. तिचा हात थांबला.

"तुम्ही गुंडाळा, वहिनी," मिस्त्री म्हणाला. "वेढा चुकेल. हे तुमच्या डोक्यावरून जाणारं आहे."

"ऐकतेय हो, भाऊजी. किती वेळ जळला?"

"अकरा दिवस!"

"मंद होत होत?"

"मंद?" मिस्त्रीने तुच्छतेने पाणी झटकलं. "मंद जळायला तो काय यांच्यासारखा कागदी होता? पहिल्या दिवशी त्या उजेडात सुईत दोरा ओवता येत होता, अकराव्या दिवशीही ओवता येत होता. तसूभर फरक नाही. मग एकदम फट्, आणि काळोख. याला म्हणतात हातगुण. पाच-पाच वेळा मोजणाऱ्यांच्या नशिबी असला माल येत नाही."

जावई तोंड उघडून बसला होता. मालकीणबाई मात्र चक्क हसल्या. सत्तावीस वर्षं त्यांचा याच गप्पांवर जीव होता. कमरेची किल्ली सोडून त्यांनी हात पुढे केला. "घ्या, तुमच्याशी कोण वाद घालणार!"

मिस्त्रीने ओली बोटं पुढे केली. किल्ली नखाला लागलीच होती.

"थांबा, बाई," वहिनी म्हणाली. तिने तारेचं टोक दातांनी तोडलं. "भाऊजी, कपॅसिटरवरचा दिवा लावल्या क्षणापासून विझायला लागतो. आधी भराभर, मग रडत रडत. तुमचा मेला अकरा दिवस एकसारखा जळला आणि फट्कन गेला, तर ती बॅटरी होती!"