अकरा आणि बाराच्या मधला रस्ता

नवा डांबरी रस्ता तपासणीत नापास झाला आणि त्याचं सगळं खापर मामांच्या डोक्यावर फुटलं. मामा म्हणजे रोलर चालवणारे. सव्वीस वर्षं डांबर दाबण्यात गेलेली, त्यामुळे साइटवर लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणायचे. तपासणीची गाडी यायची, दर पन्नास मीटरवर खडूने आखलेल्या ठिपक्यावर धाडकन वजन आपटायची आणि रस्ता किती दबला ते मोजायची. आकडे म्हणाले, रस्ता मऊ आहे, रोलर नीट फिरलेलाच नाही. साइटच्या साहेबांनी मामांना शेडमध्ये बोलावून सांगितलं, "सोमवारी अहवाल येईल. खराब निघाला तर मी दुसरा माणूस आणणार."

आता या वयात त्यांना कोण हो उभं करणार?

"पण तुम्ही नीट दाबला होता ना? मग तसं सांगा की ठणकावून!" बायको म्हणाली.

"अगं, मशीनपुढे माझं कोण ऐकतंय?" मामा म्हणाले आणि समोरच्या ताटातलं तसंच ठेवून उठले.

सोमवारी तपासणीवाल्या मॅडम साहेबांना घेऊन थेट रोलरपाशीच आल्या. मॅडमनी मान वर करून हाक मारली.

"मामा, खाली या जरा. चूक माझी आहे."

मामा उतरले.

"डांबर उन्हात मऊ पडतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं! म्हणून रस्त्याला बारीक भोक पाडून आतलं तापमान बघायचं आणि त्याप्रमाणे आकडे सुधारायचे. मी वेंधळीने ते सकाळी एकदाच बघितलं आणि भर दुपारच्या आकड्यांनाही तेच लावलं. काल येऊन सगळे ठिपके पुन्हा तपासले. रस्ता पास आहे मामा, अगदी झकास पास आहे."

बाईला ऑफिसात बसून कागद गुपचूप बदलता आला असता. कोण विचारायला जाणार होतं? पण साहेबांच्या देखत, उन्हात उभं राहून, तिने चूक कबूल केली. मामांचा जीव भांड्यात पडला.

"फार उपकार झाले, मॅडम."

"उपकार कसले? तुमची झोप मीच तर उडवली!"

आता दुसरा कोणी असता तर हसत हसत रोलरवर चढला असता. मामा चढले नाहीत. टोपी काढून घाम पुसत राहिले आणि मग म्हणाले, "मॅडम, अकरा आणि बारा नंबरच्या ठिपक्यांच्या मधे एकदा भोक पाडून तुकडा काढा."

"मामा, डोकं फिरलंय का?" साहेब ओरडले. "पास झालाय रस्ता!"

"ठिपक्यांवर झालाय, साहेब. तो पट्टा दाबत होतो त्या दिवशी लेकीला कळा सुरू झाल्या म्हणून जावयाचा फोन आला. मी रोलर थांबवला, चांगला पाव तास. तोवर डांबराचा गरम माल निवला. नंतर फिरवला मी रोलर, पण थंड माल कुठला दबतोय! वरून गुळगुळीत दिसतो, आत पोकळ आहे. तुमच्यापाशी बोलायची हिंमतच झाली नाही."

मॅडमनी यंत्र लावून डांबराचा गोल तुकडा कापून काढला. खडीच्या मधे भोकंच भोकं. मामांनी नुसतं नख लावलं तर एक खडा सुटून हातात आला.

"किती लांब आहे असं?" साहेबांनी विचारलं.

"वीस पावलं." मामांनी खिशातून रोलरची किल्ली काढून साहेबांपुढे धरली.

साहेबांनी किल्ली घेतली नाही. राग आलाच होता, तो लपवलाही नाही त्यांनी. मग म्हणाले, "मला काय देताय? वीस पावलं उकरून नवा माल टाकला की दाबणार कोण, मी? आणि लेक बरी आहे ना?"

"बरी आहे. मुलगी झाली."

मामांनी किल्ली खिशात टाकली आणि हात जोडले, ते मात्र मॅडमकडे वळून.

"तुम्ही आधी बोललात," ते म्हणाले, "म्हणून मला बोलता आलं."