केंद्र बंद आढळले

करंजपाड्यावर शाळा आली ती अंगठ्यांनी. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात सोमा गावित घरोघर फिरला, अर्जावर एकोणतीस अंगठे घेतले आणि तालुक्याला नेऊन दिले. भातलावणीच्या सुमाराला मंजुरी आली. बावीस मुलांची वस्तीशाळा, आणि दहावी झालेला सोमा तिचा स्वयंसेवक. त्याची म्हातारी आई तानुबाई हिच्या मनात तेव्हाच ठाम बसलं, की जितके अंगठे जास्त तितकी शाळा पक्की.

मंजुरीच्या कागदात म्हटलं होतं की शाळा मुलांच्या सोयीच्या वेळी भरवावी. सोमाने ते वाक्य मनावर घेतलं. भात घरात आलं की अख्खा पाडा दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मजुरीला, त्यांच्या बोलीत जगायला, जाई आणि पोरं आईबापांसोबत जात. पहिल्या वर्षी त्याने चार महिने रिकाम्या खोलीला कुलूप लावून काढले. होळीला मुलं परतली तेव्हा निम्म्यांना स्वतःचं नाव लिहिता येईना. दुसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर तो फळा खांद्यावर टाकून त्यांच्याबरोबर निघाला. मोठी माणसं घड औषधात बुडवायला वेलींखाली शिरली की तो बांधावर शाळा भरवी. हजेरीपटाच्या माथ्यावर रोज लिही, 'स्थळ : द्राक्षबाग'. त्याची मुलगी रोहिणी नाशिकला गंगापूर रोडच्या वसतिगृहात राहून डी.एड. करत होती. जागा बदलल्याचा एक अर्ज तालुक्याला देऊन ठेव, असं तिने त्याला सुचवलं होतं. त्यात काय कळवायचं, म्हणून तो हसला. रोहिणीनेही मग पुन्हा विषय काढला नाही.

पौषात शिक्षण विस्तार अधिकारी दोन तास डोंगर चढून करंजपाड्यावर आले. खोलीला कुलूप होतं. पाड्यावर पाच म्हातारी माणसं होती. तानुबाईने त्यांना पाणी दिलं, नागलीची भाकरी वाढली. शाळा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं, तर तिने खरं ते सांगितलं. शाळा जगायला गेली, पोरांसंगं. साहेबांनी ते लिहून घेतलं, छापील मराठीत भराभरा वाचून दाखवलं आणि शाईची डबी उघडली. अंगठे पाहिजेत म्हणताच म्हातारी हरखली. आपला अंगठा देऊन ती थांबली नाही. चिमाजीला दिसत नव्हतं, तर त्याला हाताला धरून आणलं. साळूबाई तापाने पडली होती, तिच्या घरी साहेबांना स्वतः घेऊन गेली. पाच अंगठे भरले.

नोटीस बागेवर पोचायला बारा दिवस लागले. खुलासा करायला सोमा तालुक्याला आला तो रोहिणीला सोबत घेऊन. कचेरीतल्या गोरक्ष नावाच्या कारकुनाने फाईल पुढे सरकवली. 'केंद्र बंद आढळले. विद्यार्थी स्थलांतरित. स्वयंसेवक गैरहजर.' रोहिणीने हळू आवाजात वाचलं. खाली पाच निळे अंगठे आणि त्यांच्यासमोर कारकुनी अक्षरात नावं होती. पहिलंच नाव आजीचं. बाप ते बघत राहिला, म्हणून तिने पान उलटलं.

साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं, चहा मागवला. सोमाने हजेरीपट समोर ठेवला. एकही दिवस कोरा नव्हता. साहेबांनी तो शेवटपर्यंत चाळला आणि म्हणाले की विनापरवाना केंद्र हलवल्याचा पुरावा तुम्ही स्वतःच आणून दिलात. मग त्यांनी एक वाट दाखवली. पंचनामा समजून न घेता अंगठे दिले, असं त्या पाचांनी इथे येऊन सांगावं. फेरचौकशी लावता येईल.

"म्हणजे माझी आई खोटं बोलली, असं तिला बोलायला लावू?" सोमाने विचारलं.

"खोटं नाही हो. समजलं नाही, एवढंच."

"तिला समजलं तेवढं तिनं सांगितलं, साहेब. शाळा पोरांसंगं गेली. त्यात चूक काय हाय?"

साहेबांनी हजेरीपट मिटून त्याच्याकडे सरकवला. रोहिणीने टेबलाखालून बापाचा हात दाबला. आजीला आणायचं, एवढंच तर होतं. तो उठला.

बाहेर एस.टी.ची वाट बघताना ती त्याला म्हणाली, की मी आजीला समजावून सांगते, तिला राग येणार नाही. सोमा म्हणाला, राग नाही येणार, ती जेवायची बंद होईल. "तिला यातलं एक अक्षर कळलं तर तू माझी लेक नाही."

फाल्गुनात मंजुरी रद्द झाली. मुलांची नावं ओहोळापलीकडच्या शाळेत चढली. ती शाळा चार किलोमीटरवर होती. पावसाळ्यापर्यंत सात जणं गेली, ओहोळाला पाणी आल्यावर कुणीच नाही. घरी सोमाने सांगितलं की सरकारनेच सगळ्या वस्तीशाळा कमी केल्या. दिवाळीनंतर तो पुन्हा बागेत गेला, आता मजूर म्हणून. रोहिणी भेटायला गेली तेव्हा त्याच्या वर्गातल्या दोन मुली वेलींखाली घड बुडवत होत्या. एकीने त्याला गुरुजी म्हणून हाक मारली. काका म्हण, एवढंच तो म्हणाला आणि पुढच्या ओळीकडे गेला.

दोन हजार सहाच्या हंगामात तो बागेतच कोसळला. सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

तिसऱ्या दिवशी पाड्यावरच्या बायका तानुबाईभोवती बसल्या होत्या. ती रडत नव्हती. एक गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती, तीच पुन्हा पुन्हा बोलत होती. एवढी चांगली चाललेली शाळा सरकार उगाच कशाला बंद करील? कुणीतरी साहेबाच्या कानाशी लागलं असणार, आपल्यातलंच.

"ज्यानं माझ्या पोराची शाळा नेली," ती म्हणाली, "त्याच्या हाताला किडे पडतील."

तिचा हात रोहिणीच्या मांडीवर होता. असं बोलू नये, आजी, हे शब्द रोहिणीच्या तोंडाशी आले. पण म्हातारीने का म्हणून विचारलं असतं, आणि तिथे बसलेल्या बायकांपैकी एकीला तरी शाळा कुणाच्या अंगठ्यांनी गेली ते माहीत होतं. रोहिणीने मान खाली घातली. बायका म्हणाल्या, खरं हाय, आजी, पडतील.