चाळीस तासांची सही

वह्यांचा गठ्ठा टेबलावर आला की रेडिओ केंद्रातल्या मुख्य अभियंत्यांचा, म्हणजे साहेबांचा, हात सहीसाठी आपोआप चालू लागे. प्रत्येक शिकाऊने ट्रान्समीटरवर चाळीस तास प्रत्यक्ष काम करायचं, वहीत त्याची नोंद करायची, साहेबांनी तपासून सही करायची आणि मगच प्रमाणपत्र, असा नियम होता. पण ट्रान्समीटरच्या खोलीला कायम कुलूप! शिकाऊंच्या हातून काही बिघडलं तर उत्तर कोण देणार? मग गेल्या वर्षीच्या नोंदी यंदाच्या वहीत जशाच्या तशा उतरत, अगदी आकड्यांसकट. कोणालाच त्यात काही गैर वाटत नव्हतं. वाचकहो, खरं सांगा, आपल्याला तरी वाटलं असतं का?

त्या दिवशी दहावी वही साहेबांच्या भाचीची निघाली. पानं कोरी होती.

"हे काय? सोमवारी मुलाखत आहे ना तुझी? प्रमाणपत्र नको?"

"मामा, त्या खोलीत मी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. काय लिहू?"

"अगं, सगळे लिहितात तेच लिही."

"सगळे खोटं लिहितात! आणि तुम्ही खाली सही ठोकता!"

मामांचा पारा चढला. "लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस. नोकरी हातची गेली तर तुझ्या आईला काय सांगू?"

"सांगा, तुमची भाची लबाड नाही म्हणून."

तेवढ्यात जुने तंत्रज्ञ नाना दारात आले. दुपारी दोन वाजता देखभालीसाठी प्रसारण बंद झालं होतं, साहेबांना बोलावणं होतं. मामा तणतणत उठले. भाचीही मागोमाग निघाली.

ट्रान्समीटरच्या खोलीत नवा इंजिनिअर यंत्राचं कपाट उघडत होता. गेल्या वर्षी परीक्षेत पहिला आलेला, प्रमाणपत्र मिळवलेला माणूस! त्याने मेन स्विच बंद केला, दार उघडलं आणि सरळ आत हात घातला.

"हात मागे!" नानांनी झडप घालून त्याचं मनगट मागे ओढलं.

मग त्यांनी खुंटीवरची अर्थिंगची काठी काढली आणि आतल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरला टेकवली. फाट्! पांढरी ठिणगी उडाली. इंजिनिअरने वळून पुन्हा स्विचकडे पाहिलं.

"वीज तर... बंद केली होती मी."

"बाहेरची बंद केलीस. आत साठलेली कुठे जाणार? आधी काठी, मग हात. तुझ्या वहीत हे अकरा वेळा लिहिलंय!"

"ते मी... उतरवलं होतं."

नाना साहेबांकडे वळले. "खाली सही कोणाची आहे, साहेब? आज या पोराच्या घरी काय सांगितलं असतं आपण?"

"आणि तुम्ही, नाना?" भाची कडाडली. "किल्ली तर तुमच्याच खिशात असते!"

नानांनी मान खाली घातली. "खरं आहे, पोरी. मीही मूग गिळून बसलो."

मामा आपल्या खोलीत परतले आणि सकाळपासून केलेल्या नऊही सह्यांवर त्यांनी काट मारली. परीक्षा मंडळाला स्वतःची चूक कबूल करणारं पत्र लिहिलं, जुन्या प्रमाणपत्रवाल्यांचीही फेरपरीक्षा घ्या म्हणून कळवलं. ट्रान्समीटरच्या खोलीचं कुलूप त्याच दिवशी निघालं.

"तुझी मुलाखत हुकणार," ते भाचीला म्हणाले.

"हुकू दे. दुसरी येईल."

मामांनी तिच्या हातात काठी दिली आणि तासभर ते तिच्या शेजारी उभे राहिले. न केलेल्या कामाखाली सही करणारा माणूस कोणाचा तरी हात आगीत घालत असतो, हे त्यांना त्या एका ठिणगीने शिकवलं. आपण तरी त्या ठिणगीची वाट बघू नये!

चार वाजता भाचीने वहीत पहिली ओळ लिहिली : एक तास. मामांनी ती नीट वाचली, दोन प्रश्न विचारले आणि मगच सही केली.

अजून एकोणचाळीस तास बाकी होते.