सकाळची सांज

माझा सुदाम डायरेक्टर आहे. वाडीतल्या बायकांना वाटतं, डायरेक्टर म्हणजे हिरो-हिरोइनीला नाचवणारा. मी त्यांना सांगते, तुमच्या डोक्यात भुसा भरलाय. माझा लेक नट ठेवत नाही. ज्याच्यावर बेतलं त्यालाच तो उभा करतो आणि म्हणतो, बोल. धरणात घर गेलेला म्हातारा, साप चावून पोर गेलेली आई, अशी माणसं. याला डॉक्युमेंटरी नाटक म्हणतात. माझ्यासारख्या दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला हा शब्द येतो, मग आमच्या सरपंचाला यायला काय झालं?

खर्डी स्टेशनापासून आमची वाडी आत आहे, गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे. सुदाम शहापूरला कॉलेजात असताना पथनाट्य करायचा. मग मुंबईत चार वर्षं दुसऱ्यांच्या नाटकांचे लाइट उचलले, वडापाव खाऊन दिवस काढले. त्याचं स्वतःचं पहिलं मोठं नाटक त्याच्या बहिणीच्या मरणावर झालं. माझ्या गोदीच्या.

गोदी मुरबाडच्या अंगाला वीटभट्टीवर होती. सोबत तिचा नवरा बुधू आणि माझ्या दिराची पोर राही. गोदीला ताप आला, तिसऱ्या दिवशीही उतरेना. ती म्हणाली, मी घरी जाते. हरेश मुकादमाला वाटलं, आज ही गेली तर उद्या सगळेच कारण काढतील. त्याने बुधूला विटांच्या ट्रकवर शहापूरला धाडलं, आणि सकाळी, चुलीवर चहा होता तेव्हा, गोदीला पत्र्याच्या खोपीत घालून बाहेरून कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली. हे एकट्या राहीने पाहिलं. तिला लगेच चिखल तुडवायला पिटाळलं. दुपारी तिने येऊन पत्र्यावर हात मारला, तर आतून आवाज नाही. संध्याकाळी कुलूप निघालं तेव्हा माझी पोर आखडली होती. डॉक्टरने कागदावर लिहिलं, दुपारी गेली.

हरेशला जेल व्हावी, एवढंच मला पाहिजे होतं. पाच वर्षं मी दुसरं काही मागितलं नाही, देवाजवळही नाही. आणि त्याला साक्ष होती एकच, राहीची. पोलिसांत तिने जबाब दिला: सकाळी कुलूप लावलं.

केस चालू होईना. तारखा पडत राहिल्या. सुदाम म्हणाला, "आये, कोर्ट ऐकेल तवा ऐकेल. आधी लोकांना ऐकवू."

त्याने राहीला उभी केली. शहापूरला एका हॉलमध्ये पंधरा दिवस तालीम चालली. मी डबा घेऊन जायची. राहीला तो ओरडायचा नाही. हळू विचारायचा, "मग काय झालं? तू कुठे उभी होतीस? हात कुठे होता?" ती सांगायची आणि तो वहीत लिहायचा. मग त्यातलं थोडं काढायचा, थोडं पुढे-मागे करायचा. शेवटी त्याने तिच्या हातात कंदील दिला. सगळीकडे काळोख, राहीच्या तोंडावर कंदिलाचा उजेड, आणि ती म्हणते, "दिवेलागण झाली व्हती. त्याने कुलूप लावलं." मग मागून कुलपाचा आवाज आणि कंदील विझतो.

तालमीत राही थांबली. "दादा, तवा सकाळ व्हती ना. चाय उकळत व्हता."

"ठाव हाय गो. पण सकाळच्या उजेडात ते कुलूप कोणाला दिसनार नाय. हितं सांज बोल. कोर्टात सकाळच सांगायची, समजलं?"

राही माझ्याकडे आली. मी बाकड्यावर डबा सोडत होते.

"काकी, तू सांग ना दादाला. मला खोटं वाटतं बोलायला."

मी काय म्हणाले ते मी लिहिते, कारण ते लिहायलाच बसले आहे. मी म्हणाले, "तू वीट थापनारी, तो डायरेक्टर. त्याला शिकवतेस काय? तो सांगतो तसं बोल. आन भाकर खा."

मला ठाऊक होतं सकाळ होती. पण पहिल्या खेळाला तो कंदील विझला आणि सगळा हॉल हुंदके देऊ लागला. तालुक्याचे साहेब रुमालाने डोळे पुसत होते. सुदामला हार घातला, मला पुढे बोलावलं, शाल दिली. माझ्या नवऱ्याला उभ्या जन्मात कोणी खुर्ची दिली नव्हती. मी म्हटलं, असू दे सांज.

नाटक ठाण्याला झालं, नाशिकला झालं, पुण्याला झालं, दिल्लीला झालं. पेपरात सुदामचा फोटो आला. राही दिल्लीहून आली तेव्हा माझ्यासाठी काचेच्या बांगड्या आणल्या. ती धीट झाली होती. आधी चार माणसांत तोंड न उघडणारी पोर, आता हजार माणसांत श्वास कुठे घ्यायचा ते जाणत होती. साठ-सत्तर वेळा तिने तो कंदील विझवला.

आणि मग साक्षीची तारीख निघाली.

सुदामने तिला आदल्या दिवशी समोर बसवून सांगितलं, "सकाळ. चाय. कुलूप. येवढंच." ती म्हणाली, "व्हय दादा, सकाळ." आम्ही जीपने गेलो. वाटभर मी तिचा हात धरून होते.

सरकारी वकिलाने विचारलं, काय पाहिलंत? राही उभी राहिली. पाठ ताठ केली, हनुवटी वर केली. ती बोलायला लागली, आणि तो आवाज नाटकातला होता. थांबायचं तिथे थांबली. हात उचलायचा तिथे, कंदील नसताना, हात उचलला.

"दिवेलागण झाली व्हती. त्याने कुलूप लावलं."

सुदाम जागेवरून अर्धा उठला, मग खाली बसला.

हरेशचा वकील पोरगेलासा होता, गालात हसणारा. "दिवेलागण म्हणजे संध्याकाळी?"

राहीच्या ध्यानात आलं. "नाय साहेब. सकाळ. सकाळ व्हती."

"आत्ता सांज म्हणालात."

"ते नाटकातलं."

"म्हणजे तुम्ही इथे नाटकातलं सांगताय?" त्याने मोबाईल काढून न्यायाधीशांकडे परवानगी मागितली. त्यात राही, कंदील, हॉल, टाळ्या. "साहेब, बाई दुपारी वारली असं डॉक्टर सांगतात. या सांगतात कुलूप सांजेला लावलं. मग आत कोणाला कोंडलं? सकाळची गोष्ट खरी असती तर चार वर्षं गावोगाव सांज कशाला सांगितली असती?"

राही "सकाळ, सकाळ" म्हणत राहिली. पण आता तिचं कोण ऐकतो?

दोन महिन्यांनी हरेश सुटला. बाहेर पायऱ्यांवर त्याच्या माणसांनी पेढे वाटले. एकाने मलाही पुढे केला. मी तो हाताने उडवला आणि वळून राहीला धरलं. तिच्या बापासमोर, भावकीसमोर, रस्त्यावरच्या चहावाल्यासमोर मी तिला बोलले. "रांडे, माझी लेक यकदा मेली व्हती, तू परत मारलीस. तुला टाळ्यांची चटक लागली. तुझी जीभ झडो."

ती मला उलट बोलू शकत होती. 'तूच म्हणालीस ना, सांगतो तसं बोल,' असं चार शब्दांत माझं तोंड बंद करता आलं असतं. ती पदर डोक्यावर घेऊन जीपमध्ये मागे बसली. वाडीत मग सगळ्यांनी माझंच उचललं. पाण्यावर तिला कोणी जागा देईना. दुसऱ्या मुकादमांनीही तिला घेतलं नाही, म्हणाले, ही कोर्टात जाणारी बाई.

दिवाळी झाल्यावर सुदाम कॅमेरा घेऊन आला. आता या सगळ्याचा सिनेमा करायचा होता. त्याने मला ओटीवर बसवलं, पदराला माईक लावला.

"आये, निकालाचं बोल."

"तुझं चुकलं ते तू बोललास का आधी?"

"बोललो. सगळ्यात पयलं तेच घेतलं. सांज मी केली, माझा दोष. सिनेमाची सुरुवातच ती हाय."

तो खाली बघत होता. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते, ते मी आई आहे, मला कळतं. पण मला वाटलं, बघा, याच्या चुकीलाही जागा मिळाली, तीही पहिली. राहीच्या वाट्याला काय आलं?

"चालू हाय ते?"

"हाय."

मग मी बोलले. राही माझ्याकडे आली होती, मी तिला हाकललं होतं, मला सगळं ठाऊक होतं, शालीसाठी मी गप्प बसले आणि पायऱ्यांवर माझं पाप तिच्या अंगावर टाकलं. एका दमात बोलले. सुदामने कॅमेऱ्यावरून डोळा काढला.

"आये, हे तू मला कधी सांगितलं नायस."

"तू कधी इचारलंस? चल, राहीकडं चल. तिला सांगायचंय."

रस्त्यावर ट्रक उभा होता. भट्टीला माणसं न्यायला आलेला. पुढे दाराशी हरेश, हातात नावांचा कागद. राही आपलं बोचकं आणि टोप घेऊन वर चढली होती. हरेशच्या भट्टीवर. दुसऱ्या कोणी तिला घेतलंच नव्हतं.

"राही, उतर. मी सिनेमात बोलले गो. चूक माझी व्हती, सगळं बोलले."

ती ट्रकच्या फाळक्याला धरून उभी राहिली. "कोणापुढं बोललीस?"

"कॅमेऱ्यापुढं."

"मी हितंच व्हते की, काकी. ओढ्याच्या अल्याड. सहा महिने." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मी पेलला असता. "वाडीपुढं शिव्या दिल्यास, आन माफी त्या डब्यात घातलीस."

"आत्ता बोलते. सगळ्यांपुढं बोलते. उतर खाली."

"आन खाऊ काय?"

हरेशने कागदावर खूण केली. सुदामच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "काढ की फोटो, डायरेक्टर. चांगला दिवस हाय, ऊन पडलंय."

सुदामने कॅमेरा पिशवीत घातला. मी तिथेच, ट्रकमागे, ओरडून बोलायला लागले. सकाळ होती, मला माहीत होतं, राहीचा काही दोष नाही. ट्रकमधल्या बाया ऐकत होत्या, पोरं ऐकत होती. मी बोलत असतानाच ड्रायव्हरने गाडी चालू केली.