निवृत्ती गुरुजींचं अर्धं फारसी वाक्य

निवृत्ती गुरुजींना जाऊन चार महिने झाले, तेव्हा सोजराबाईंनी नवऱ्याची निळी वही पिशवीत घातली आणि साखरखेर्ड्याहून मेहकरची एसटी धरली. गुरुजी दर रविवारी फारसी शिकायला जात, ते फातिमा आपांचं घर त्यांनी विचारत विचारत शोधलं.

“आपा, हे शेवटचं काय लिहून राह्यले होते ते? माह्यं नाव दिसते.”

गुरुजींनी देवनागरीतच लिहिलं होतं: मन सोजरा रा.

“भाभी, हे ‘मन’ म्हणजे मी. ‘रा’ म्हणजे आपलं ‘ले’. मी सोजराले...”

“पुढं?”

“पुढं क्रियापद. मराठीसारखंच शेवटी येते. ते त्यांनी लिहिलंच नाही.”

“काय येऊ शकते तिथं?”

“मी-बीनम, पाहतो. हे ‘मी’ आपलं नाही, फारसी क्रियापदाचंच. मी-शनासम, ओळखतो.” आपा जराशा थांबल्या. “मी-ख़ाहम. म्हणजे, हवी.”

परतीच्या एसटीत सोजराबाईंचा डोळा लागला. शेजारच्या सीटवर गुरुजी बसले होते, खिडकीतून वारा घेत. एकेक क्रियापद ओठांवर आणत आणि हसून सोडून देत. शब्द तुरीच्या शेतांवरून तरंगत दूर जात. “सांगा ना,” त्या म्हणाल्या. गुरुजी नुसते पाहत राहिले.

कंडक्टरनं हाक मारली तेव्हा गाव मागं पडलं होतं. पुढच्या फाट्यावर उतरून त्या उन्हातून पायी निघाल्या. घाई नव्हती. तिन्ही शब्द आळीपाळीनं म्हणून पाहिले. तिन्ही खरे वाटले.

रविवारी त्या पुन्हा आपांच्या दारात उभ्या होत्या.

“काय ठरवलं, भाभी? कोणता लिहायचा?”

“कोणताच नाही. ती ओळ त्यायची हाये, तशीच राहू द्या.” त्यांनी कोरं पान उघडलं. “मले पहिल्यापासून शिकवा.”

“लिहा मग. मन आब मी-ख़ोरम. मी पाणी पिते.”

“आणि माणूस म्हणत असला तर?”

“तेच. फारसीत बाई-माणसाचं क्रियापद वेगळं नसते.”

“म्हणजे ते अन् मी एकच वाक्य बोलू शकतो?”

“हाव.”

 सोजराबाईंनी पदरानं चष्मा पुसून लिहायला घेतलं.